सत्त्याहत्तर माणसं आणि पडलेला वारा

गुरुवार, 13 एप्रिल 1848. संध्याकाळ.

वॉशिंग्टनमध्ये आज दिवाळी आहे. फेब्रुवारीत पॅरिसच्या लोकांनी राजा लुई फिलिपला पळवून लावलं. ती बातमी अटलांटिक ओलांडून पोचल्यापासून अमेरिकेच्या राजधानीला आनंदाचं भरतं आलं आहे. मशालींची मिरवणूक निघाली आहे, घराघरांवर रोषणाई आहे, पुढाऱ्यांची भाषणं चालू आहेत. मिसिसिपीचे सिनेटर हेन्री फूट भाषणात सांगतात की जुलमी राजांचे आणि गुलामगिरीचे दिवस आता भरले. फूट स्वतः गुलामगिरीचे कट्टर पाठीराखे. ते बोलत होते युरोपाबद्दल. पण गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या काळ्या माणसांना कानावर पडलेला शब्द फक्त युरोपापुरता आहे, असं वाटायचं काय कारण?

त्याच संध्याकाळी पोटोमॅक नदीतून एक गलबत शहराच्या धक्क्याला लागलं. नाव ‘पर्ल’. दोन डोलकाठ्यांचं, अवघं चौपन्न टनांचं. त्यावर तीन गोरे होते : गलबताचा तांडेल एडवर्ड सेअर्स, स्वयंपाकी चेस्टर इंग्लिश आणि ज्यानं हे गलबत शंभर डॉलर देऊन ठरवलं होतं तो डॅनियल ड्रेटन. ड्रेटन काही क्रांतिकारक नव्हता. किनाऱ्याकिनाऱ्यानं माल वाहणारा, सतत ओढगस्तीत असलेला दर्यावर्दी. आदल्या वर्षी त्यानं याच शहरातून एका बाईला तिच्या मुलाबाळांसकट गुपचूप बाहेर काढलं होतं. ती बातमी योग्य माणसांपर्यंत पोचली, म्हणून हे दुसरं काम त्याच्याकडे आलं. कोणाला संशय येऊ नये म्हणून गलबतात जळाऊ लाकूड भरून आणलं होतं.

शुक्रवार, 14 एप्रिल.

लाकूड विकून झालं. ड्रेटनची गाठ विल्यम चॅपलिनशी पडली. चॅपलिन गुलामगिरीविरोधी चळवळीतला वार्ताहर. पैशांची जुळणी उत्तरेकडच्या त्याच्या मित्रांनी केली होती. पण बेत मुळात गोऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता.

डॅनियल बेल हा नौदलाच्या गोदीतला लोहार. स्वतः स्वतंत्र. त्याची बायको मेरी आणि मुलं यांना जुन्या मालकानं मरताना मुक्त केलं होतं, पण मालकाची विधवा ते मानायला तयार नव्हती. खटले झाले, पैसा गेला, आणि आता विक्रीची टांगती तलवार होती. दुसरा पॉल जेनिंग्ज. हा एके काळी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांचा गुलाम होता, व्हाइट हाउसमध्ये राबलेला. सिनेटर डॅनियल वेबस्टर यांनी त्याच्या सुटकेची रक्कम भरली आणि तो ती त्यांच्याकडे नोकरी करून महिन्याला आठ डॉलरनं फेडत होता. (पुढे 1865 मध्ये त्याच्या आठवणींचं छोटं पुस्तक निघालं, व्हाइट हाउसच्या आतल्या जगण्याबद्दल लिहिलेलं ते पहिलं मानतात.) आणि तिसरं नाव एडमनसन. बाप पॉल स्वतंत्र, मेरीलँडमध्ये स्वतःच्या शेतावर राहणारा. आई अमीलिया गुलाम. कायदा असा की मूल आईचं नशीब घेऊन जन्मतं. त्यामुळे चौदाच्या चौदा मुलं जन्मतःच कोणाच्या तरी मालकीची. थोडी मोठी झाली की मालकीणबाई त्यांना शहरात घरकामाला भाड्यानं द्यायची. राबायचं मुलांनी, पगार मालकिणीला.

बेलच्या घरची अकरा माणसं न्यायची, सोबत अजून एखादं कुटुंब, असा सुरुवातीचा हिशेब. पण शहरात तेव्हा गुलामांपेक्षा स्वतंत्र काळ्यांची संख्या जास्त होती : 1850 च्या जनगणनेत राजधानीच्या अख्ख्या जिल्ह्यात दहा हजार एकोणसाठ स्वतंत्र आणि तीन हजार सहाशे सत्त्याऐंशी गुलाम. दोन्हीकडची माणसं एकाच चर्चमध्ये बसत, एकाच घरात नांदत. असा निरोप एका घराच्या उंबऱ्यात थांबत नाही. शुक्रवारभर तो स्वयंपाकघरांतून, तबेल्यांतून, मागच्या दारांतून फिरत राहिला. आणि ही गोष्ट मला सगळ्यात थक्क करते : इतक्या तोंडी गेलेला निरोप शनिवारची रात्र उलटेपर्यंत एकाही मालकाच्या कानी गेला नाही.

शनिवार, 15 एप्रिल. अंधार पडल्यावर.

शनिवार मुद्दाम निवडला होता. रविवारी नोकरांना थोडी मोकळीक असे, बरेच जण आईबापांना भेटायला जात. एखादा सकाळी दिसला नाही तरी लगेच बोंब होणार नव्हती.

‘पर्ल’ वस्तीपासून जरा बाजूला, उंच काठाखाली बांधलं होतं. इंग्लिशला एवढंच सांगितलं होतं की काही काळी माणसं येतील, फळी उचलून त्यांना खाली घ्यायचं. माणसं येऊ लागली. एकेकटी, दोघं-तिघं, कडेवर मूल, हातात गाठोडं. सॅम्युएल एडमनसननं धाकट्या बहिणींना बोलावून आणलं. मेरी पंधरा वर्षांची, एमिली तेरा. सोबत भाऊ रिचर्ड, एफ्रेम आणि जॉन. एकाच घरातली सहा भावंडं. एलन नावाची पंधरा वर्षांची पोर मॅडिसन यांच्या विधवेची, डॉली मॅडिसन यांची गुलाम. आपल्याला विकणार हे कळल्यावर ती आधीच पळून लपली होती, तीही आली.

मोजदाद झाली तेव्हा अडतीस पुरुष आणि मुलगे, सव्वीस बाया आणि मुली, तेरा लहान मुलं. सत्त्याहत्तर. लाकडाच्या भुश्श्यानं भरलेल्या गलबताच्या पोटात सत्त्याहत्तर माणसं. अमेरिकेच्या इतिहासात गुलामांनी एकाच वेळी शांतपणे, हत्यार न उचलता निघून जाण्याचा इतका मोठा प्रयत्न दुसरा दाखवता येत नाही.

वाट अशी : पोटोमॅकमधून शंभर मैल दक्षिणेकडे, मुखाशी वळसा, मग चेसापीक उपसागरातून सव्वाशे मैल उत्तरेकडे. म्हणजे उत्तरेला जाण्यासाठी आधी दक्षिणेला, गुलामगिरीच्या पोटातच आणखी खोल जायचं. एकूण सव्वादोनशे मैल. वारा बरा असला तर सोमवार उजाडता उजाडता नदीचं मुख मागे पडलेलं असतं.

मध्यरात्रीच्या सुमारास.

दोर सोडले. गलबत काठापासून सुटलं, आणि वारा पडला.

शिडं लोंबली. वर भरती चढत होती, तीही उलटी, शहराकडे. ‘पर्ल’ जेमतेम अर्धा मैल सरकलं आणि ड्रेटनला नांगर टाकावा लागला. समोर शहराचे दिवे. गलबताच्या पोटात माणसं श्वास धरून. रडणाऱ्या मुलांना आयांनी कशी गप्प ठेवली असतील, याची कुठे नोंद नाही. रात्रीचे ते चार-पाच तास, ज्यांत चांगल्या वाऱ्यावर गलबत तीस मैल तरी पुढे गेलं असतं, ते सगळे नांगरावर गेले.

रविवार, 16 एप्रिल. पहाट.

उत्तरेकडून वारा सुटला. नांगर वर आला. सूर्य उगवता उगवता अलेक्झांड्रिया मागे पडलं. हे अलेक्झांड्रिया म्हणजे गुलामांच्या व्यापाराची पेठ. इथल्या कोंडवाड्यांतून माणसं साखळ्यांत बांधून न्यू ऑर्लिन्सकडे रवाना होत. गलबतातल्या कित्येकांचे नातेवाईक याच गावातून गेले होते.

सकाळ. वॉशिंग्टन आणि जॉर्जटाउन.

चुली पेटल्या नाहीत. पाणी तापलं नाही. घोड्यांना दाणा पडला नाही. मालक मंडळी हाका मारत उठली आणि उत्तर आलं नाही. आधी एका घरात, मग शेजारी, मग पलीकडच्या गल्लीत. चर्चची वेळ होईपर्यंत एकेचाळीस घरांतून माणसं नाहीशी झाल्याचं उघड झालं.

पहिला अंदाज जमिनीवरचा. पळालेले उत्तरेच्या रस्त्यानंच जाणार, म्हणून घोडेस्वार तिकडे दौडले. ते तसेच दौडत राहिले असते तर? पण मग कोणीतरी गलबताचं नाव घेतलं. एडमनसन घराण्याच्या वंशजांनी लिहून ठेवलेल्या हकिगतीत तो ठपका जडसन डिग्ज या काळ्या गाडीवानावर आहे. आदल्या रात्री त्यानं कोणाचं तरी सामान धक्क्यावर पोचवलं आणि भाडं बुडाल्याचा राग मनात धरला. दुसरं सांगणं असं की एमिलीनं त्याला नाकारलं होतं. गावातल्या पोरांनी पुढे त्याला ओढ्यात फेकून चोपल्याचीही कथा आहे. खरंखोटं काही असो, मला या कथेचा थोडा कंटाळा येतो. एकेचाळीस मालक, पंचवीस-तीस बंदुका, एक आगबोट आणि देशाचा अख्खा कायदा समोर असताना सगळं पाप एका गाडीवानाच्या माथी मारणं फार सोयीचं आहे.

आगबोट होती जॉर्जटाउनच्या डॉज या श्रीमंत गृहस्थांची. त्यांच्याही घरचे गुलाम गेले होते. बोटीचं नाव ‘सेलम’. तीस-पस्तीस जण बंदुका, पिस्तुलं, सुरे घेऊन चढले. ब्रँडीची सोय होतीच. वाफेला वाऱ्याची गरज नसते.

रविवारची दुपार. पोटोमॅक.

इकडे ‘पर्ल’ छान चाललं होतं. वारा पाठीशी. फळी उघडली होती, माणसं आळीपाळीनं वर येऊन हवा खात होती. गलबतावर मक्याचं पीठ, डुकराचं मांस, काकवी असा शिधा होता. रविवार म्हणून प्रार्थना झाली. त्यांच्या आयुष्यातला हा असा पहिलाच रविवार होता, ज्यात संध्याकाळी कोणाच्या घरी परतायचं नव्हतं. तेरा-चौदा तास, बस. पुढच्या सगळ्या हकिगतीत एवढाच भाग सुखाचा आहे, आणि याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं गेलं.

रविवार. अंधार पडताना. पॉइंट लुकआउट.

नदीचं मुख आलं. शंभराहून जास्त मैल कापून झाले होते. आता डावीकडे वळून उत्तरेला लागायचं. आणि दिवसभर ज्या वाऱ्यानं हात दिला तोच उत्तरेचा वारा आता तोंडावर आला, वाढला, घोंगावू लागला. त्याच्यासमोर उपसागरात वर चढणं या गलबताला शक्य नव्हतं.

ड्रेटन म्हणाला, मग सरळ समुद्रात काढू, बाहेरून वळसा घालून डेलावेअरला जाऊ. सेअर्स तयार होईना. गलबत खुल्या समुद्राच्या लायकीचं नाही, आणि करारात तसं ठरलेलंही नाही. दोघांचंही बरोबर होतं. एकाला मागून काय येऊ शकतं ते दिसत होतं, दुसऱ्याला पुढे काय आहे ते. शेवटी टोकाच्या आडोशाला कॉर्नफील्ड हार्बर नावाच्या खाडीत नांगर टाकला. वादळी वाऱ्यात या भागातली गलबतं तिथेच थांबतात, हे प्रत्येक दर्यावर्द्याला ठाऊक होतं. पाठलाग करणाऱ्यांनाही.

दमलेली माणसं झोपली. ड्रेटनही.

सोमवार, 17 एप्रिल. रात्री दोनच्या सुमारास.

‘सेलम’ मुखापर्यंत येऊन पोचली होती. ती नदीतली बोट. खुल्या उपसागरात ती घालायची कोणाची तयारी नव्हती. गलबत मुखाबाहेर निघून गेलं असतं तर पाठलाग तिथेच संपला असता. पण आडोशाला एक काळी आकृती नांगरावर डुलत होती.

ड्रेटनला जाग आली ती वाफ सोडल्याच्या आवाजानं. त्यानं वर धाव घेतली तोवर लोक गलबतावर उड्या टाकत होते. खालून काही तरुण लढायची भाषा करत होते, पण लढायचं कशानं? अख्ख्या गलबतावर एक बंदूक नव्हती. असं सांगतात की रिचर्ड एडमनसन पुढे झाला आणि त्यानं त्या सशस्त्र, अर्धवट घाबरलेल्या गोऱ्यांना शांतपणे सांगितलं की आम्ही सगळे इथेच आहोत, तुम्ही उगाच काही करून घेऊ नका. ड्रेटन आणि सेअर्स यांना ‘सेलम’वर नेऊन बांधलं. ‘पर्ल’ला दोर लावला.

सोमवार, दिवसभर.

उलटा प्रवास. जी नदी वाऱ्यावर उतरली तीच आता वाफेनं ओढत चढायची. रात्री फोर्ट वॉशिंग्टनजवळ बोट मुद्दाम थांबवली. अंधारात पोचून काय उपयोग? तमाशाला उजेड हवा.

मंगळवार, 18 एप्रिल. सकाळ.

अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावर आरोळ्या. वॉशिंग्टनच्या धक्क्यावर हजारोंचा जमाव. पुरुषांना दोन-दोन करून बांधलं, मागून बाया, काहींच्या कडेवर मुलं. अशी वरात राजधानीच्या रस्त्यांतून तुरुंगाकडे निघाली. पाच दिवसांपूर्वीची मशालींची मिरवणूक याच गावात फिरली होती. गॅनन नावाच्या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या कोंडवाड्यावरून जाताना तो सुरा घेऊन ड्रेटनवर धावला; गर्दीतून फाशीच्या आरोळ्या उठल्या. शेवटी ड्रेटन आणि सेअर्सना गाडीत घालून तुरुंगात न्यावं लागलं. एडमनसन बहिणींपैकी एकीला वाटेत कोणी तरी विचारलं, पळून जायची लाज नाही वाटली? ती म्हणाली, नाही, संधी मिळाली तर पुन्हा जाईन. हॅरिएट बीचर स्टोव यांनी हे पुढे 1853 मध्ये नोंदवून ठेवलं.

मंगळवार रात्र ते गुरुवार रात्र.

‘नॅशनल एरा’ या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकाच्या कचेरीवर दगड पडले. संपादक गमालियेल बेली यांनी मशिनरी हलवायला साफ नकार दिला. तीन रात्री दंगा चालला. (याच साप्ताहिकात तीन वर्षांनी स्टोवबाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ क्रमशः छापून येऊ लागली. दगड मारणाऱ्यांना मुद्दा कळला होता म्हणायचा.)

गुरुवारी, 20 तारखेला, न्यू हॅम्पशायरचे जॉन हेल यांनी सिनेटमध्ये दंगलीत झालेल्या नुकसानीच्या भरपाईचं विधेयक मांडलं. त्यावर हेन्री फूट उठले. तेच फूट, बरोबर आठवड्यापूर्वीचे. त्यांनी हेल यांना मिसिसिपीत येण्याचं आमंत्रण दिलं. तिथल्या एखाद्या उंच झाडाला तुम्हाला लटकवू आणि मी स्वतः हातभार लावीन, असं सांगितलं. त्यांना आयुष्यभर ‘हँगमन फूट’ म्हणत.

शुक्रवार, 21 एप्रिल. रेल्वे स्टेशन.

मालकांनी ठरवलं की एकदा पळालेला नोकर घरात ठेवण्यात अर्थ नाही. बाल्टिमोरचा व्यापारी होप स्लॅटर यानं पन्नासच्या आसपास माणसं घेतली आणि दक्षिणेला धाडण्यासाठी आगगाडीच्या डब्यात चढवली. न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जॉन स्लिंगरलँड तिथे होते. बायका नवऱ्यांना खिडकीतून हाका मारत होत्या, आणि सिनेटचे धर्मगुरू हेन्री स्लायसर येऊन स्लॅटरशी हस्तांदोलन करून गेले. स्लिंगरलँड यांनी ते वर्तमानपत्राला लिहून कळवलं.

इथे घड्याळ थांबवायला हरकत नाही, कारण ज्याला आपत्ती म्हणायचं ती आता घडून गेली आहे. पोटोमॅकवरची ती गोष्ट सांगताना सगळे वाऱ्याबद्दल बोलतात, मीही बोललो. पण वाऱ्यानं फक्त उशीर केला. त्यानं कोणाला विकलं नाही. दुष्काळाला जसा पाऊस एकटाच जबाबदार नसतो तसंच हे.

सहा एडमनसन भावंडं अलेक्झांड्रियाच्या जोसेफ ब्रुइनच्या पेढीनं साडेचार हजार डॉलरला घेतली. त्यांना न्यू ऑर्लिन्सला नेलं. तिथे पिवळ्या तापाची साथ आली म्हणून, म्हणजे माल मरू नये म्हणून, मुलींना परत आणलं. म्हातारा पॉल एडमनसन न्यूयॉर्कला गेला, धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांनी भर सभेत झोळी फिरवली, दोन मुलींचे सव्वादोन हजार डॉलर जमले आणि नोव्हेंबर 1848 मध्ये त्या सुटल्या. मेरी शिकायला ओबर्लिनला गेली आणि 1853 मध्ये क्षयानं वारली. एमिली वॉशिंग्टनला परतली आणि मर्टिला मायनर यांच्या काळ्या मुलींच्या शाळेत काम करू लागली. त्या शाळेवरही दगड पडत. डॅनियल बेलला बायको परत मिळाली, सगळी मुलं नाही. डॉली मॅडिसन यांनी एलनला विकून टाकलं.

ड्रेटन आणि सेअर्स यांच्यावर खटला चालला. बचाव केला शिक्षणतज्ज्ञ होरेस मान यांनी. ड्रेटनला दहा हजार डॉलरहून अधिक दंड, तो भरेपर्यंत कैद. म्हणजे व्यवहारात जन्मठेपच. चार वर्षं चार महिने आत काढल्यावर सिनेटर चार्ल्स सम्नर यांच्या खटपटीनं राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी ऑगस्ट 1852 मध्ये दोघांना माफी दिली. ड्रेटननं आठवणी लिहिल्या, तब्येत खचलेली होती, 1857 मध्ये त्यानं आत्महत्या केली. पॉल जेनिंग्जपर्यंत कोणाचे हात पोचले नाहीत.

1848 हेच साल पुण्यात भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेचं. पंचवीस वर्षांनी जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. आपण त्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख अभिमानानं करतो, आणि डोळ्यांसमोर लिंकन आणतो. माझ्या मते त्या यादीत डॅनियल बेल आणि पॉल जेनिंग्ज यांची नावं लिंकनच्या आधी यावीत. ज्यांनी स्वतःच सुटकेचा बेत आखला, त्यांना कोणी मुक्त केलं असं म्हणणं बरोबर नाही.

1850 मध्ये राजधानीत गुलामांची खरेदी-विक्री बंद झाली. गुलाम बाळगणं चालूच राहिलं. वॉशिंग्टनमधली गुलामगिरी कायद्यानं संपली ती 16 एप्रिल 1862 रोजी, ‘पर्ल’च्या त्या रविवाराला बरोबर चौदा वर्षं झाली त्या दिवशी. त्या कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद होती : प्रत्येक गुलामामागे सरासरी तीनशे डॉलरपर्यंत, मालकाला. गुलामासाठीही रक्कम ठेवली होती, जास्तीत जास्त शंभर डॉलर, आणि तीही तो देश सोडून जायला तयार असेल तरच.